ओतेमाचीला गाडी बदलताना या चुका टाळा

टोकियोच्या ओतेमाची स्टेशनात जमिनीखाली पाच लाइनी भेटतात: मारुनोउची, तोझाई, चियोदा, हान्झोमोन आणि मिता. पहिली १९५६ मध्ये आली, शेवटची १९८९ मध्ये. स्टेशन असं तुकड्यातुकड्यांनी वाढल्यामुळे इथे चालावं भरपूर लागतं.

आपल्या लोकांची नेहमीची चूक तोझाई लाइनवर होते. निशिकासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे कुणाकडे तरी जेवायला जाणं होतंच. ओतेमाचीला समोर आलेल्या गाडीत चढता आणि ती निघते ‘रॅपिड’. तोयोचोपर्यंत ती प्रत्येक स्टेशनावर थांबते, म्हणून शंकाही येत नाही. पुढे मात्र मिनामी-सुनामाची, निशिकासाई, कासाई ही तिन्ही सोडून थेट उरायासू! दादरला फास्ट-स्लो बघून चढणारा माणूस इथे पाटी वाचायला विसरतो, याचं नवल वाटतं. रॅपिडमध्ये चढलाच असाल तर तोयोचोला उतरून मागची साधी गाडी घ्या. उरायासू आलंच, तर उलट दिशेच्या साध्या गाडीने परत या. कासाईच्या पुढचं स्टेशन आपलं.

दुसरी चूक पासाची. मिता लाइन तोएईची, म्हणजे टोकियो महानगर प्रशासनाच्या सबवेची, बाकी चार टोकियो मेट्रो कंपनीच्या. फक्त मेट्रोचा २४ तासांचा पास मितावर चालत नाही. पर्यटकांसाठी २४, ४८ आणि ७२ तासांचं ‘टोकियो सबवे तिकीट’ मिळतं, ते दोन्हीकडे चालतं. सुइका किंवा पास्मो हे रिचार्जचं कार्ड असेल तर दोन्हीकडची भाडी लागतात, पण बदलीची ७० येनची सूट आपोआप मिळते.

कागदी तिकीट असेल आणि गाडी बदलताना गेटबाहेर यावं लागत असेल, तर नारिंगी गेटमधूनच या. साधं गेट तिकीट गिळून टाकतं. मेट्रोवर पुढच्या गेटातून आत शिरायला ६० मिनिटं मिळतात.

जेआरच्या (जपान रेल्वेच्या) टोकियो स्टेशनला जायचंय? तोझाईवरून उतरून एका स्टेशनासाठी मारुनोउची लाइन शोधत बसू नका. मारुनोउची उत्तर दरवाजाच्या पाट्या बघत भुयारातून सरळ चालत जा.

आणि वर येण्याआधी एक्झिटचा नंबर हाताशी ठेवा. तायरा नो मासाकादो या जुन्या काळातल्या योद्ध्याच्या मस्तकाच्या समाधीला सी ५, राजवाड्याच्या पूर्व बागेला सी १३ ए. बाग सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते.