छोट्या वाफेच्या इंजिनासाठी बॉयलरच्या नळ्या फुगवण्याचा एक्सपांडर

लातूरला १९११ साली पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी गाडीचे, खरोखर वाफेवर चालेल असे छोटे इंजिन घडवताना माझे सर्वाधिक दिवस गेले ते ट्यूब प्लेटमध्ये, म्हणजे नळ्यांची टोके धरणाऱ्या भोके पाडलेल्या पत्र्यात, नळ्या घट्ट बसवण्यात. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत गाळप संपल्यावर बॉयलरच्या नळ्या बदलणाऱ्या फिटरांना हे काम हातचे असते. परंतु त्यांचा एक्सपांडर, म्हणजे नळी आतून फुगवण्याचे हत्यार, १२ मिलिमीटरच्या नळीत शिरत नाही, म्हणून आपला आपणच लेथवर करावा लागतो.

संपूर्ण तांब्याच्या बॉयलरमध्ये नळ्या चांदीच्या झाळाने जोडतात आणि झाळ आत ओढली जाण्यासाठी बारीक फट लागते, त्यामुळे तिथे नळी फुगवून फट बुजवू नये. पुढील कृती पोलादी ट्यूब प्लेट आणि तांब्याच्या नळ्या यांच्यासाठी आहे.

निमुळती ड्रिफ्ट (पोलादी खुंटी) नळीत हातोडीने ठोकून काम उरकण्याचा मोह होतो. मी पहिल्या बॉयलरला तेच केले आणि तीन नळ्यांची तोंडे उभी चिरली. नळी कायमची फुगावी आणि प्लेट मात्र किंचित ताणली जाऊन पुन्हा नळीवर आवळली जावी, यावर हा सांधा टिकतो. तो दाब चहूबाजूंनी सारखा आणि हळूहळू यावा लागतो, व ते रोलरनेच साधते.

एक्सपांडरचे भाग तीन: मधला निमुळता दांडा म्हणजे मँड्रेल, त्याभोवतीचे तीन रोलर आणि त्यांना जागेवर धरणारा पिंजरा. १२ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या, १.२ मिलिमीटर जाडीच्या नळीचा आतील व्यास ९.६ असतो, तिच्यासाठी ३ मिलिमीटरचे रोलर आणि बारीक टोकाला ३.४ मिलिमीटरचा मँड्रेल जमतो. मँड्रेलच्या व्यासाला ५० मिलिमीटरमागे १ मिलिमीटर उतार द्यावा आणि रोलरला त्याच्या निम्मा, पण उलट दिशेने, म्हणजे रोलरचे जाड टोक मँड्रेलच्या बारीक टोकाकडे येईल. हे चुकले, तर नळी भोंग्यासारखी पसरते आणि प्लेटला एका कडेलाच टेकते. पिंजऱ्याच्या खाचांचे बाहेरचे तोंड रोलरपेक्षा किंचित अरुंद ठेवावे, नाहीतर रोलर नळीत गळून पडतात. पिंजऱ्यावर एक कॉलर बसवावी, म्हणजे प्रत्येक नळीत खोली सारखी राहते. रोलर आणि मँड्रेल सिल्व्हर स्टीलचे, म्हणजे कडक करता येणाऱ्या पोलादाचे, करून त्यांना पाणी देऊन कडक करावे आणि नंतर मंद आचेवर कडब्यासारखा पिवळसर रंग येईपर्यंत उतरवावेत. हे टाळल्यास मँड्रेलवर दोन-चार नळ्यांतच चरे पडतात.

किती फुगवायचे, याचा हिशेब आधीच कागदावर मांडावा. भोक १२.१५ असेल तर फट ०.१५, तिच्यात नळीच्या दोन्ही भिंतींच्या बेरजेचे, म्हणजे २.४ मिलिमीटरचे, ६ टक्के, म्हणजे ०.१४, मिळवले की ०.२९ येतात. म्हणजे ९.६ चा आतील व्यास ९.८९ झाला की थांबायचे. मँड्रेलच्या उतारामुळे तो ५ मिलिमीटर आत गेला की व्यास ०.१ ने वाढतो, म्हणून मी मँड्रेलवर दर ५ मिलिमीटरला रेघ कोरली आहे. रोलर नळीला टेकल्यापासून साधारण तीन रेघा, एवढेच काम असते.

नळीची टोके मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावीत, म्हणजे तांबे नरम पडते. भोक रीमरने गोल करून त्याच्या कडा मोडाव्यात, आणि नळी व भोक दोन्ही पॉलिश पेपरने घासून कोरडी पुसावीत. तेल फक्त नळीच्या आत, रोलरपुरते. टॅप रेंचने (दोन दांड्यांच्या पान्याने) मँड्रेल सावकाश फिरवताना हाताला एकाएकी जडपणा जाणवतो, तीच नळी प्लेटला टेकल्याची खूण. मध्यभागापासून सुरुवात करून समोरासमोरच्या नळ्या आलटून पालटून घ्याव्यात, कारण शेजारची नळी फुगली की आधीची सैल होऊ शकते. शेवटी सगळ्या पुन्हा मोजाव्यात.

चाचणी थंड पाण्यानेच, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने घ्यावी. हवेने कधीही घेऊ नये, कारण दाबलेली हवा भरलेला बॉयलर फुटला तर जिवावर बेततो. एखादी नळी पाझरली तर तिच्यावर खडूने खूण करावी, दाब पूर्ण उतरवून पाणी काढावे, मँड्रेल जेमतेम दीड मिलिमीटर जास्त जाऊ द्यावा आणि पुन्हा पाणी भरून तपासावे. दोनदा असे करूनही पाझर थांबला नाही, तर नळी आणखी न फुगवता काढून नवी घालावी.