फीडरचा लोड एका आकड्यात सांगू नका, अनिश्चितता मॉडेलमध्ये अशी बसवा

बीड-लातूरकडचा कुठलाही 11 केव्हीचा शेतीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून निघणारी लाईन घ्या, टोकाच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज किती राहील ते काढायचंय. बरेच जण सरासरी लोड घेऊन एकदा लोड फ्लो, म्हणजे जागोजागचं व्होल्टेज काढायचं गणित, चालवतात अन् रिपोर्ट देऊन मोकळे होतात. सरासरीवर फीडर ठणठणीतच दिसणार, मोटारी जळतात त्या वेगळ्याच दिवशी.

आधी कागदावर दोन रकाने पाडा. एकात रोज बदलणारं, म्हणजे ऊन, वारा, किती मोटारी चालू. दुसऱ्यात जे बदलत नाही पण आपल्यालाच ठाऊक नाही ते, जसं मीटर नसलेली मोटार, कागदावर 3 एचपीची अन् विहिरीवर 5 ची. हे दोन्ही एकत्र कालवू नका, कारण पहिलं काही केलं तरी राहणारच, दुसरं मात्र डीपीला थोडे दिवस मीटर लावलं की बरंच कमी होतं. प्रोग्राममध्ये बाहेरच्या लूपला एचपीचा अंदाज बदला, आतल्या लूपला दिवस.

डेटा नासाच्या पॉवर या वेबसाईटवर तासागणिक उन्हाचा फुकट मिळतो. लोड सबस्टेशनच्या लॉगशीटवरून घ्या, पण तिथं शून्य अँपिअर दिसलं की थांबा, ते लोड शून्य म्हणून आहे का लाईटच नव्हती म्हणून? लाईट नसलेले तास आधी बाजूला काढा, नाहीतर सगळं गणित खाली ओढलं जातं.

वाऱ्याला वायबुल, उन्हाला बीटा अशी संभाव्यतेची वितरणं (कुठली किंमत किती वेळा येईल त्याची सूत्रं) पुस्तकात असतात, ठीक आहे, पण मी तर प्रत्येक रनला नोंदीतला जुना अख्खा दिवसच उचलतो, ऊन अन् लोड त्याच दिवसाचं, म्हणजे त्यांचा आपसातला संबंध तुटत नाही.

खरी गोम या संबंधातच आहे. समजा 100 मोटारी, प्रत्येक चालू असण्याची शक्यता 60 टक्के, अन् सगळ्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या. मग मॉडेल सांगणार 50 ते 70 चालतील, बस्स. पण इथं प्रत्येक स्टार्टरला ऑटो (मोटार आपोआप चालू करणारं) बसवलेलं, लाईट आली की सगळं शिवार एकदम सुरू, 90 च्या वर कधी गेलं कळत पण नाही. म्हणून आधी लाईट आली का नाही ते ठरवा, मग त्यावरून मोटारी.

वीजनिर्मितीकडंही तेच. केंद्रात तीन युनिट, म्हणजे वीज तयार करणारे संच, प्रत्येक बंद पडण्याची शक्यता 5 टक्के, तर तिन्ही एकदम बंद म्हणजे 8000 त एकदा. पण 2013 च्या दुष्काळात परळीचं थर्मल वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडलं, अन् पाणी आटलं तर सगळ्याच युनिटचं आटतं. तेव्हा धरणातला साठा वेगळा व्हेरिएबल म्हणून टाका.

पायथॉनमध्ये लोड फ्लोसाठी पँडापॉवर फुकट आहे, त्यात 1000 वेळा चालवा. अंदाजातली चूक निम्मी करायची तर चौपट रन लागतात, त्यामुळं उगं लाखावर जाऊ नका. व्होल्टेजची मर्यादा खाली 9 टक्के, वर 6, म्हणजे 10.01 ते 11.66 केव्ही, यातून किती रन बाहेर गेले ते मोजा. वरची बाजू पण बघा, भर दुपारी सोलर जोरात अन् मोटारी बंद असल्या की व्होल्टेज चढतं.

शेवटी मॉडेलला न दाखवलेला एखादा हंगाम, समजा हरभऱ्याचा, त्याच्यावर तपासा. मॉडेलनं दिलेल्या 90 टक्क्यांच्या पट्ट्यात, म्हणजे 90 टक्के रन ज्या दोन आकड्यांमध्ये येतात त्यात, दहातले साधारण नऊ दिवस बसले पाहिजेत. पाचच बसले तर पट्टा अरुंद झालाय, आधी ऑटोवाल्या मोटारींचं गणित परत बघा, वायबुल-बीटासारखी वितरणं नंतर.