स्लॅब बदलताना नाण्याचा मालकी-इतिहास हरवतो तो असा: या चुका टाळा

एनजीसी आणि पीसीजीएस या नाण्यांची पारख करून ग्रेड म्हणजे प्रत ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्या, आणि स्लॅब म्हणजे त्या नाणं ज्यात लेबलासकट सीलबंद करतात ती प्लॅस्टिकची डबी. एनजीसीच्या स्लॅबमधलं नाणं पीसीजीएसच्या स्लॅबमध्ये नेण्याची कारणं ठरलेली असतात. पीसीजीएसच्या रजिस्ट्रीत, म्हणजे संग्राहकांच्या संचांच्या क्रमवारीत, दुसऱ्या कंपनीच्या स्लॅबमधलं नाणं चालत नाही, किंवा एखाद्या मालिकेला एका कंपनीच्या लेबलावर लिलावात जास्त बोली लागते. कारण कुठलंही असो, या अदलाबदलीत नाण्याच्या आधीच्या मालकांची नावं पुसली जातात, आणि बहुतेक वेळा ती सध्याच्या मालकाच्याच हातून पुसली जातात. लेबलावरचं ‘एलियासबर्ग’ किंवा ‘पिटमन’ असं नामवंत संग्राहकाचं नाव ही फक्त पोच आहे. खरा पुरावा फोटो, नाण्याबरोबर आलेल्या जुन्या चिठ्ठ्या आणि लिलावाचे कॅटलॉग यांत असतो, आणि तो स्लॅब शाबूत असतानाच जमवायचा असतो.

घरी स्लॅब फोडणं

सगळ्यात जास्त नुकसान यात होतं आणि नवशिके सगळ्यात जास्त घाई यातच करतात. जुनी ग्रेड दिसली की परीक्षक तिच्यापलीकडे जात नाही, म्हणून नाणं उघडं पाठवलं तर एखादा अंक वाढेल, असा हिशेब असतो. अंक कधीकधी वाढतोही. पण नव्या कंपनीच्या टेबलावर जे येतं ते बिननावाचं नाणं असतं. जुनं लेबल, जुना नंबर आणि सीलबंद प्लॅस्टिक यांमुळे ‘हेच ते नाणं’ असं म्हणता येत होतं. तिन्ही गेल्यावर तुमच्या शब्दावर कुणी लेबल का छापावं?

लुई एलियासबर्ग यांच्या संग्रहातली सोन्याची अमेरिकन नाणी १९८२ मध्ये आणि बाकीची प्रामुख्याने १९९६ व १९९७ मध्ये लिलावात विकली गेली. त्यातलं एखादं आज स्लॅब फोडून उघडं केलं, तर कागदाशिवाय ते त्याच वर्षाच्या, त्याच टांकसाळीच्या इतर नाण्यांसारखंच दिसतं. शोधतानाही एक अडचण येते. १९८२ च्या कॅटलॉगच्या शीर्षकात एलियासबर्ग हे नावच नव्हतं, ‘द युनायटेड स्टेट्स गोल्ड कॉइन कलेक्शन’ एवढंच होतं. नावाने शोधणारा तो कॅटलॉग न उघडताच पुढे जातो.

म्हणून क्रॉसओव्हरचाच, म्हणजे नाणं दुसऱ्या कंपनीच्या स्लॅबसकट देऊन नवा स्लॅब मागण्याचा, अर्ज भरा आणि स्लॅब आहे तसा पाठवा. किमान ग्रेडचा रकाना रिकामा ठेवू नका. तेवढी ग्रेड मिळाली नाही तर नाणं जुन्या स्लॅबमध्ये, जुन्या नावासकट परत येतं. जुन्या लेबलावरचं नाव आपोआप नव्यावर येईल असं धरू नका. अर्जात ते नेमक्या स्पेलिंगसह लिहून मागा. सोबत कॅटलॉगच्या पानाची आणि लॉटच्या चिठ्ठीची प्रत जोडा. मूळ चिठ्ठी घराबाहेर जाऊ देऊ नका.

पाठवण्याआधी एवढं करून ठेवा: स्लॅबच्या दोन्ही बाजूंचे फोटो, लेबल आणि होलोग्रामचा जवळून एक, नाण्याच्या दोन्ही बाजू एकदा सरळ उजेडात आणि एकदा तिरक्या उजेडात, म्हणजे ओरखडे वर येतात. चिठ्ठी दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करा, कारण किंमत किंवा खरेदीची सांकेतिक अक्षरं बहुधा मागे असतात. जुन्या कंपनीच्या वेबसाइटवरच्या पडताळणी पानाची पीडीएफ फोटोंसह उतरवून घ्या. स्लॅब बदलल्यावर जुना नंबर नोंदींतून काढला जाऊ शकतो आणि ते पान पुन्हा दिसेलच याची खात्री नसते. फाइलच्या नावात जुना नंबर टाका. जुनं लेबल परत हवं असेल तर अर्जावर तसं लिहा. ते कंपनीकडेच राहून नाण्याची जुनी नोंद वजा होणंही योग्यच आहे, कारण एकच नाणं दोनदा मोजलं की पॉप्युलेशन रिपोर्ट, म्हणजे कुठल्या ग्रेडची किती नाणी आहेत याची कंपनीची यादी, फुगते. फक्त लेबलाचा फोटो आधी काढलेला हवा.

डाय (नाणं पाडायचा साचा) जुळली म्हणजे नाणं जुळलं असं मानणं

ही चूक अनुभवी माणसंही करतात. जुन्या कॅटलॉगमधला फोटो आणि हातातलं नाणं शेजारी ठेवतात, अक्षराला चिकटलेली बारीक रेष दोन्हीकडे दिसते आणि मालक ठरवून मोकळे होतात. ती रेष डायमधल्या तड्याची असते. तडा गेलेल्या डायमधून पडलेल्या सगळ्या नाण्यांवर ती येते.

अमेरिकन संग्राहक जॉर्ज वॉल्टन यांच्या १९१३ च्या लिबर्टी निकेलचं, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याचं, प्रकरण या बाबतीत नीट समजून घ्यायला हवं. अशी नाणी पाचच आहेत. वॉल्टन १९६२ मध्ये मोटार अपघातात गेले आणि नंतर त्यांचं नाणं बनावट ठरवलं गेलं. ते कुटुंबाकडेच राहिलं. २००३ मध्ये बाल्टिमोरला तज्ज्ञांनी इतर चार नाण्यांच्या शेजारी ठेवून तपासलं आणि ते अस्सल निघालं. २०१३ मध्ये ते ३१ लाख ७२ हजार ५०० डॉलरना विकलं गेलं. अशा तुलनेने नाणं अस्सल आहे हे ठरतं, ते कोणाचं हे ठरत नाही. ते वॉल्टन यांचं हे पक्कं राहिलं, कारण मधली सगळी वर्षं ते त्यांच्याच कुटुंबाकडे होतं.

मालक जुळवायचा तर त्या एकाच नाण्यावर असू शकतील अशा खुणा शोधा: गालावरची खोच, कडेची ठेच, पत्र्यातला दोष, टोनिंगचा म्हणजे काळाबरोबर चढलेल्या रंगाचा डाग. एकमेकींपासून दूर असलेल्या निदान तीन खुणा जुळल्याशिवाय मी नाव लिहू देत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक कॅटलॉगांत नाण्याचा नव्हे, प्लास्टरच्या ठशाचा फोटो असे. त्यात टोनिंग दिसतच नाही, तिथे खोचाच शोधाव्या लागतात. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांत वजनाचा फारसा उपयोग नाही, मुघल किंवा प्राचीन नाण्यांत मात्र ०.०१ ग्रॅमपर्यंतचं वजन मोठा पुरावा ठरतं. न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टलवर हजारो जुने कॅटलॉग फुकट वाचता येतात, त्यामुळे ‘कॅटलॉग मिळाला नाही’ म्हणण्याआधी तिथे बसून शोधा.

बाकीच्या चुका

ग्रेड वाढावी म्हणून नाणं डिप करू नका, म्हणजे रसायनात बुडवून चमकवू नका. टोनिंगबरोबर ओळखही धुतली जाते.

सीएसी ही कंपनी स्लॅबमधल्या नाण्याची ग्रेड पुन्हा पारखून स्टिकर लावते. हे स्टिकर जुन्या स्लॅबवर असतं, ते क्रॉसओव्हरमध्ये जातं. नव्या स्लॅबवर हवं तर नाणं पुन्हा दाखवावं लागतं.

एनजीसीचे अगदी सुरुवातीचे काळे स्लॅब आणि पीसीजीएसचे पहिले ‘रॅटलर’ (हलवलं की आत नाणं वाजतं असे) स्लॅब स्वतःच संग्राह्य आहेत. ते उघडण्याआधी त्यांची किंमत पाहा.

मूळ चिठ्ठी पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, लॅमिनेट करू नका, स्टेपल मारू नका, तिच्यावर पेनाने काही लिहू नका. मायलरचं पाकीट घ्या. थर्मल पावतीची अक्षरं उडतात, तिची प्रत त्याच दिवशी काढा.

मालकांच्या साखळीतली मोकळी जागा अंदाजाने भरू नका. इजिप्तचा राजा फारूख याच्या संग्रहाचा कैरोतला १९५४ चा लिलाव घ्या: एकेका लॉटमध्ये कितीतरी नाणी एकत्र होती, वर्णन त्रोटक, फोटो थोडे. म्हणून ‘फारूखचं’ म्हणणं सोपं आणि सिद्ध करणं अवघड. ‘१९५४ ते १९८० माहिती नाही’ असं लिहिलेली नोंद विश्वासाची वाटते.

भारतातून पाठवणाऱ्यांनी आधी नाण्याचं वर्ष बघावं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया अजून त्यात बसत नाही, १८६२ चा व्हिक्टोरियाचा रुपया बसतो. ‘फक्त ग्रेडिंगला पाठवतोय’ ही सबब चालत नाही.

नवा स्लॅब हातात आला की आधी लेबलावरचं नाव अक्षर अक्षर तपासा. चूक असेल तर मेकॅनिकल एरर (लेबल छापताना कंपनीकडून झालेली चूक) म्हणून लगेच परत पाठवा. मग त्याच उजेडात पुन्हा फोटो काढा आणि एका ओळीत नोंद करा: जुनी कंपनी, जुना नंबर, जुनी ग्रेड, नवी कंपनी, नवा नंबर, नवी ग्रेड, बदलल्याची तारीख, पुराव्याच्या फाइलींची नावं. या ओळीची छापील प्रत मूळ चिठ्ठीच्या पाकिटाबरोबर ठेवा, आणि नाणं विकाल तेव्हा दोन्ही घेणाऱ्याच्या हातात द्या.