एकच गाण्यांचा कार्यक्रम चार रेडिओ केंद्रांना देताना

बेळगावात बसून केलेला नाट्यगीत-अभंगांचा तासाभराचा कार्यक्रम निपाणी, खानापूर, कोल्हापूरकडच्या केंद्रांना द्यायचाय? मग सलग फाईल पाठवू नका. बारा-बारा मिनिटांचे ४ तुकडे करा. सामुदायिक (स्थानिक संस्था चालवतात त्या) रेडिओ केंद्रांना तासाला १२ मिनिटं जाहिराती लावता येतात. म्हणजे ४८ मिनिटं तुमची, उरलेली त्यांची. सलग फाईल दिली की कुमार गंधर्वांची तान मध्येच तोडून साबणाची जाहिरात घुसते, आणि ऐकणारा (त्यात तो सुळेभावीचा, त्यांच्या जन्मगावचा असला तर बघायलाच नको) शिव्या तुम्हाला घालतो.

प्रत्येक तुकड्याबरोबर एक पान जोडा: नेमकी लांबी, गाण्यांची यादी आणि तुकड्यातले शेवटचे शब्द. ‘...कुठं जाऊ नका’ कानावर पडलं की पुढचं बटण दाबायचं. आपल्याकडं ऑपरेटर बऱ्याचदा कन्नडभाषक असतो, म्हणून ती ओळ कन्नड लिपीतही लिहा. दोन मिनिटांचं काम, पण यानंच सगळं निभावतं.

निवेदनात वेळ, वार, पाऊसपाणी नको. माझं ‘शुभ सकाळ मंडळी’ एका केंद्रानं रात्री ९ वाजता लावलं होतं.

फाईलचं नाव रोमन अक्षरांत, त्यात प्रसारणाची तारीख. देवनागरी नावांचे काही संगणकांवर नुसते चौकोन दिसतात. चारही तुकड्यांचा आवाज एका पातळीवर आणा. आणि गाण्यांच्या हक्कांचं, आयपीआरएस-पीपीएलचं (गीत-संगीताच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांचं), कोण बघणार ते पहिला भाग पाठवण्याआधीच प्रत्येक केंद्राकडून लेखी घ्या.