सूत्राआधी विचारा, हा आकडा कशाचा?

स्टॅटिस्टिक्स आणि मॅनेजमेंट अकाउंटिंग एकाच सत्रात आले की बहुतेक जण आधी सूत्रांचा तक्ता करून तो पाठ करतात. नवीन विद्यार्थ्यांच्या सरावाच्या वह्या मी बरीच वर्षं तपासतोय. सूत्र चुकलेलं क्वचित दिसतं. त्यात घातलेला आकडाच भलत्या गोष्टीचा असतो.

अकाउंटिंगचं हे गणित बघा. १००० नग बनवायला नगामागे खर्च ५०. त्यात व्हेरिएबल (नगांबरोबर वाढणारा) ३०, फिक्स्ड (नगांबरोबर न वाढणारा) २०. मग १२०० नगांचा खर्च किती? हात आपसूक ५० ने गुणतो आणि ६०,००० लिहून मोकळा होतो. पण ते २० एका नगाचे नाहीतच. २०,००० च्या एकूण फिक्स्ड खर्चाला १००० ने भागल्यावर ते आलेत. नग वाढले तरी ठरावीक मर्यादेपर्यंत ते २०,००० तेवढेच राहतात. म्हणून ३६,००० अधिक २०,०००, म्हणजे ५६,०००.

हेच गणित पुढे वेगळ्या रूपात भेटतं. यंत्रं रिकामी आहेत आणि कोणी ३८ च्या भावाने जादा नग मागतंय. ऑर्डर घ्यावी का? ५० कडे बघितलं तर तोटा, ३० कडे बघितलं तर नगामागे ८ चं कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे भावातून व्हेरिएबल खर्च वजा जाऊन उरलेले पैसे. नेहमीच्या विक्रीला धक्का लागणार नसेल तर मी घ्या म्हणेन. एवढं पचलं की ब्रेक-ईव्हन (ना नफा ना तोटा होईल एवढे नग) सोपं जातं: एकूण फिक्स्ड खर्च भागिले नगामागचं कॉन्ट्रिब्युशन.

स्टॅटिस्टिक्समध्ये हाच घोळ होतो. गुण नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणात आहेत, सरासरी १००, स्टँडर्ड डिव्हिएशन (सरासरीभोवतीचा पसारा) १५. एका विद्यार्थ्याला १०६ पेक्षा जास्त मिळण्याची शक्यता? झेड, म्हणजे सरासरीपासून किती स्टँडर्ड डिव्हिएशन दूर, ०.४; त्यावरून शक्यता सुमारे ३४ टक्के. आता सहज निवडलेल्या २५ जणांची सरासरी १०६ च्या वर जाण्याची शक्यता विचारली, तर १५ चालत नाही. तो एकेकट्याच्या गुणांचा पसारा आहे. २५ जणांत कुणी वर, कुणी खाली असतो, त्यामुळे सरासरी फार हलत नाही. १५ ला २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ ने भागा. स्टँडर्ड एरर (सरासरीचा पसारा) ३, झेड २, शक्यता जेमतेम २.३ टक्के.

म्हणून कॅल्क्युलेटर उचलण्याआधी प्रत्येक आकड्याशेजारी लिहा: नगामागे की एकूण, एकाचा की सरासरीचा. उत्तर साधारण कुठे येईल याचा अंदाजही तिथेच टाका. गणित जमलं की लगेच पुढच्याकडे पळू नका. २५ च्या जागी १०० घाला आणि झेड कुठे जातो ते आधी तोंडी सांगा. दहा नवी गणितं उरकण्यापेक्षा याचा उपयोग जास्त, असं माझं ठाम मत आहे.

प्रकरणाखालची गणितं सोपी वाटतात, कारण कोणतं सूत्र लावायचं हे प्रकरणाचं नावच सांगतं. परीक्षेत ते नाव नसतं. त्यामुळे शेवटचे काही आठवडे वेगवेगळ्या प्रकरणांतली गणितं मिसळून, क्रम मोडून सोडवा.