नवी एअर रायफल : नळी वाकडी ठरवण्याआधी या चुका टाळा

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की परभणी, लातूर, नांदेडकडच्या नेमबाजी वर्गांत नव्या एअर रायफली येऊ लागतात आणि पहिल्या आठवड्यातच "सर, नळी वाकडी आली आहे" ही तक्रारही येते. पालकांनी पै-पै साठवून घेतलेल्या वस्तूविषयी मनात शंका आली की घरातल्या सगळ्यांचीच झोप उडते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच ठामपणे सांगतो की नळी खरोखर वाकडी निघण्याचे प्रसंग फार थोडे असतात, आणि घाईघाईने केलेल्या तपासणीमुळे चांगली रायफल बिघडण्याचे प्रसंग त्याहून पुष्कळ अधिक असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिल्या पाच गोळ्या कुठे लागल्या एवढेच पाहून निकाल देणे. गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, किती पसरला आहे यावरून नळी आणि पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) यांच्याविषयी कळते, तर तो ग्रुप लक्ष्याच्या मध्यापासून किती सरकला आहे यावरून मुख्यतः साइटविषयी, म्हणजे नेम धरण्यासाठी रायफलीवर पुढे आणि मागे बसवलेल्या साधनांविषयी, कळते. पाचही छिद्रे एकमेकांत मिसळून खाली डावीकडे पडत असतील तर नळी आपले काम चोख करते आहे. फक्त साइट जुळवायची राहिली आहे. हा फरक न ओळखता पालक रायफल परत पाठवायला निघतात. एका विद्यार्थिनीची नवी रायफल पुण्याहून रात्रीच्या बसने आली होती आणि तिचे पेलेट दर फैरीला आठच्या काट्याकडे जात होते. वडिलांनी खोके पुन्हा बांधायलाही घेतले होते. मी फ्रंट साइट दोन बोटांत धरून हलवली, तेव्हा ती नखाच्या टोकाएवढी डुलली. प्रवासातल्या हादऱ्यांनी स्क्रू सैल झाला होता, इतकेच.

एवढ्याशा डुलण्याने काय होते, याचा हिशेब करून पाहावा. दोन्ही साइटांमधले अंतर ८० सेंटिमीटर धरले, तर फ्रंट साइट अवघी ०.२ मिलिमीटर सरकताच १० मीटरवर पेलेट २.५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक अख्खे वलय जाते. शिवाय अनेक स्पर्धा-रायफलींत फ्रंट साइट मूळ नळीवर नसते. ती नळीच्या पुढे बसवलेल्या हलक्या जोडनळीवर असते. ही जोडनळी किंचित तिरकी बसली तरी पाहणाऱ्याला संपूर्ण नळीच वाकडी वाटते. त्यामुळे तपासणीची सुरुवात नेहमी दोन्ही साइट, जोडनळी आणि दस्त्याचे स्क्रू यांपासून करावी. स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले आहे तेवढेच आवळावेत. नळी मुख्य भागाला जिथे धरलेली असते तिथल्या स्क्रूंना मात्र हात लावू नये.

हे सगळे करताना रायफल रिकामी आहे याची खात्री दर वेळी डोळ्यांनी करून घ्यावी. तोंडाच्या बाजूने नळीत डोकावणे ही अक्षम्य चूक आहे. मोडून भरायच्या स्प्रिंग रायफलीत नळी उघडून, मागच्या टोकाकडून ट्यूबलाइटकडे पाहता येते. आतली प्रकाशाची कडी एकात एक, समकेंद्री दिसली तर नळी सरळ आहे. ती एका बाजूला झुकलेली दिसली तर शंकेला जागा आहे. हवेच्या सिलिंडरच्या रायफलीत असे पाहता येत नाही आणि त्यासाठी ती खोलूही नये. नळीचे तोंड मात्र दोन्ही प्रकारांत तपासता येते. रिकाम्या रायफलीच्या तोंडाच्या कडेवरून कान साफ करायची कापसाची काडी हळूच गोल फिरवावी. कापसाचा तंतू कुठे अडकला तर तिथे बारीक चरा आहे, आणि ग्रुप पसरण्यास तेवढा चरा पुरेसा असतो.

टेकू चुकीचा असेल तर बाकी सारी मेहनत वाया जाते. रायफल टेबलाच्या कडेवर ठेवून केलेली चाचणी मी ग्राह्य धरत नाही. वाळूची पिशवीही टाळावी, कारण शिवणीतून गळणारी बारीक धूळ यंत्रणेत शिरते. आपल्याकडे सोपा उपाय आहे : जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात ज्वारी भरावी आणि दोन्ही तोंडे शिवून टाकावीत. रायफल तिच्यात छान रुतून बसते. स्प्रिंग रायफलीला मात्र पिशवीवरही थेट टेकवू नये. मध्ये आपला तळहात ठेवावा, कारण ती सुटताना मागे-पुढे झटका देते आणि प्रत्येक टेकूवर निराळी वागते.

रायफल कलणे ही न दिसणारी चूक आहे. स्पर्धेच्या वेगाने सुटलेला पेलेट १० मीटरमध्ये साधारण दीड ते पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो आणि साइट तेवढी भरपाई करून जुळवलेली असते. रायफल दहा अंश कलली की ही भरपाई त्या बाजूला वळते आणि पेलेट सुमारे ३ मिलिमीटर बाजूला जातो. लक्ष्याच्या मागे गवंड्याचा ओळंबा टांगावा आणि त्याच्या दोरीशी फ्रंट साइटची उभी रेघ जुळते का ते पाहावे. अनेक "वाकड्या" नळ्या या ओळंब्यासमोर सरळ झालेल्या मी पाहिल्या आहेत.

साइट फिरवतानाही गोंधळ होतो. काही जर्मन बनावटीच्या डायॉप्टरवर, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायच्या मागच्या साइटवर, एच आणि टी ही अक्षरे असतात. गोळी वर लागत असेल तर एचकडे आणि खाली लागत असेल तर टीकडे फिरवा, असा त्यांचा अर्थ आहे. वर न्यायची म्हणून एचकडे फिरवणाऱ्याचा ग्रुप आणखी खाली जातो आणि दोष पुन्हा नळीवर येतो. पुस्तिका वाचून एका वेळी एकाच दिशेला फिरवावे.

पेलेटचाही विचार हवा. स्पर्धेचे पेलेट ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिलिमीटर अशा डोक्याच्या मापांत मिळतात, आणि एका नळीला जे माप मानवते ते दुसरीला मानवेलच असे नाही. डब्यात दबलेल्या कडेचे पेलेट चाचणीला वापरू नयेत. सिलिंडरचा दाब पुरेसा नसेल तर गोळ्या क्रमाने खाली उतरत जातात, तेही नळीच्या खात्यात जमा होते.

एक बाब मात्र खरोखर गंभीर आहे. स्प्रिंग रायफलीची नळी उघडी असताना चाप ओढला गेला, तर ती झटक्याने मिटते आणि वरच्या दिशेला वाकू शकते. दस्त्यालाही तडा जातो. बोटे सापडली तर इजा वेगळीच. घरात पाहुण्यांना दाखवताना हा प्रकार घडतो आणि नंतर कुणी सांगत नाही. उलट, मागची साइट पूर्ण वर करूनही ग्रुप खालीच पडत असेल, तर नळी बिजागरीशी खाली झुकलेली असण्याची शक्यता आहे. दोन्ही प्रसंगी नळी गुडघ्यावर दाबून "सरळ" करण्याचा उद्योग करू नये.

ही सारी तपासणी करूनही, दोन-तीन मापांचे पेलेट वापरूनही ग्रुप पसरतच असेल, तेव्हा विक्रेत्याला कळवावे. प्रत्येक मापाचे पाच-पाच गोळ्यांचे निदान तीन कागद जपून ठेवावेत, त्यांवर तारीख, पेलेटचे माप, सिलिंडरचा दाब आणि टेकूचा प्रकार लिहावा, आणि बिलाच्या प्रतीबरोबर ते कागद रायफलीसोबतच पाठवावेत.