पुढचे ब्रेक मोठे करायचेत? आधी थोडी कणीक मळा

सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन आम्ही पाच जण खाली निघालो. गोळेवाडीचा नाका यायच्या आधीच गाडीत करपट वास भरला. एका वळणावर ब्रेकचं पेडल मऊ लागलं, पुढच्या वळणावर ते निम्म्याहून खाली गेलं. गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास भुईमुगाच्या शेंगा खात बसलो. चूक माझीच होती. दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं सोडून मी तिसरा टाकून ब्रेकवर पाय ठेवला होता.

घरी आल्यावर हिशेब मांडला. माणसांसकट गाडी तेराशे किलो, उतार सहाशे मीटरच्या आसपास. सगळा भार ब्रेकवरच टाकला तर सुमारे ७६ लाख ज्यूल होतात. चोवीस लिटर गार पाणी बंबात उकळायला एवढीच उष्णता लागते. ती अंगावर घेणाऱ्या पुढच्या दोन डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, जेमतेम चार-चार किलोच्या. मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक हात लावतात, पण तेवढाच.

मी भोसरीत तपासणी विभागात अठरा वर्षं व्हर्नियर धरलाय, त्यामुळे हे काम मोजमापापासूनच सुरू होतं असं मला वाटतं. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. गाडी शेवटी टायरच थांबवतो. सपाट रस्त्यावर एकदा कचकन ब्रेक मारलात तर मोठ्या डिस्कने गाडी काही आधी थांबणार नाही. चाक लॉक करण्याइतका जोर जुन्या ब्रेकमध्येही असतो. मोठी डिस्क कामाला येते ती दहाव्या वळणावर, कारण तिच्यात उष्णता जास्त मावते आणि ती लवकर निवते.

म्हणून स्वस्तातली कामं आधी. टायर बघा, डिस्कला घासून चाक थांबवणारे पॅड बघा आणि ब्रेक ऑइल बदला. हे ऑइल हवेतली ओल पितं. नवं डॉट ३ (ऑइलची एक प्रत) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल प्यायलं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडतं. माझ्या गाडीतलं ऑइल चार वर्षांचं होतं, रंग कोऱ्या चहासारखा. पुष्कळ जणांचं काम इथेच भागेल. माझं भागलं नाही. माहेर महाडला, आणि वरंध घाट उघडा असला की भरल्या गाडीने तो उतरायचा असतो.

आता सुटे भाग. अडॅप्टर प्लेट कापून कुठल्याही गाडीचा भलामोठा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) बसवून देणारे पुण्यात भेटतात. त्या वाटेला जाऊ नका. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने मोठी डिस्क दिली असेल तर तीच घ्या, आणि सोबत तिचाच कॅलिपर आणि तो धरणारा ब्रॅकेटही. मी नाना पेठेत दोन शनिवार घालवले. डिस्क आणि पॅड नवे घेतले, कॅलिपर जुने घेऊन नवे रबर सील टाकले. पावती मागितल्यावर एका दुकानदाराने चष्म्यावरून असं पाहिलं, जणू मी त्यांच्याकडे उसने पैसे मागितले होते.

दुकानातच मोजून घ्या. माझी जुनी डिस्क २४० मिलिमीटर, नवी २६०, म्हणजे कॅलिपर १० मिलिमीटर बाहेर सरकायला हवा. तेवढं अंतर नव्या ब्रॅकेटने भरून काढलं पाहिजे. नकलवरच्या (ब्रॅकेट ज्यावर बसतो त्या भागावरच्या) दोन भोकांमधलं अंतर तेच हवं. डिस्कचं मधलं भोक हबवर, म्हणजे चाक बसतं त्या फिरत्या भागावर, नेमकं बसायला हवं. डिस्कच्या टोपीची (मधल्या फुगीर भागाची) उंची वेगळी निघाली तर डिस्क कॅलिपरच्या मधोमध येत नाही, आणि ही गोष्ट दुकानात हमखास विसरते. शेवटचं माप पॅड ढकलणाऱ्या पिस्टनचं. माझे जुना आणि नवा दोन्ही ५१ निघाले. पिस्टन ५४ चा असता तर क्षेत्रफळ १२ टक्क्यांनी वाढलं असतं, ऑइल जास्त लागलं असतं आणि पेडल खोल गेलं असतं.

नुसत्या डिस्कनेही पुढचा जोर वाढतोच. पॅडची उंची ४० धरली तर जोर लागण्याची त्रिज्या १०० वरून ११० होते, म्हणजे दहा टक्के. माझ्या गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. एवढा फरक मी चालवून घेतला, याहून जास्त घेतला नसता. पुढचं चाक आधी लॉक होऊ लागलं तर ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

आता कणीक. माझी १३ इंची चाकं या कॅलिपरवर बसणार नाहीत हे उघड होतं, पण १४ इंची तरी बसतील का? सुपारीएवढे कणकेचे गोळे कॅलिपरच्या बाहेरच्या कडेला तीन-चार ठिकाणी चिकटवायचे, चाक बसवून हाताने एक फेरी फिरवायचं, काढायचं आणि चेपलेली कणीक मोजायची. मला सगळ्यात कमी जागा साडेचार मिलिमीटर मिळाली. तीनच्या खाली असती तर मी चाकं परत केली असती. टायर १६५/८० आर १३ ऐवजी १७५/७० आर १४ घेतले, व्यासात जेमतेम एक टक्का फरक. स्टेपनीही १४ चीच घ्या. मी तेव्हा पैसे वाचवले, आणि ताम्हिणीत पुढचं चाक पंक्चर झाल्यावर मागचं चाक पुढे आणि स्टेपनी मागे अशी दुहेरी कसरत पावसात केली.

बसवायचं काम धायरीच्या एका गॅरेजमध्ये मी शेजारी उभी राहून करून घेतलं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली घोड्या (जॅक स्टँड) लावा. कॅलिपर होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू न देता तारेने बांधा. हबचा गंज पॉलिश पेपरने चकचकीत काढा. तिथे कण राहिला तर डिस्कची कड त्याहून जास्त डोलते आणि पुढे पेडल थरथरतं. मी डोलणं मोजायला डायल लावून पाहिलं, ०.०४ मिलिमीटर आलं. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. होजच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर नवे टाका, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज ताणतोय का ते बघा.

ऑइलमधली हवा काढताना पेडल काही केल्या कडक होईना. मेकॅनिक म्हणाला, "ताई, बसलंय ना सगळं? दोन दिवसांत होईल आपोआप." बसलं होतं, पण डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे! हवा काढायचे निपल खाली आले होते, आणि हवा तर वर राहते. निपल वर आल्याशिवाय हवा निघत नाही, हे डोक्यात ठेवा. अदलाबदल केली, आधी डावीकडची हवा काढली कारण ती बाजू मास्टर सिलिंडरपासून (पेडलजवळच्या, ऑइल ढकलणाऱ्या पंपापासून) लांब पडते, मग उजवीकडची. पेडल दगडासारखं झालं. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

कागदपत्रांचंही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळपेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. कॅलिपर आरसीवर (नोंदणीपत्रावर) नसतो, पण म्हणून काहीही करायला मोकळीक आहे असं नाही. मी कंपनीचेच भाग घेतले त्याचं हेही एक कारण, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवला. सकाळी मी ज्या टेकडीवर फिरायला जाते ती एआरएआयची. गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या कुंपणापासून चालताना मनात खोट नसलेली बरी.

पॅड आणि डिस्क एकमेकांना जुळवून घ्यायला पहाटे साडेपाचला पानशेतच्या रस्त्यावर गेले. मागे कोणी नाही हे बघून साठवरून वीसपर्यंत वेग दहा वेळा उतरवला. पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं अंतर चालवायचं आणि शेवटी पाच-सहा किलोमीटर ब्रेक न लावता गार होऊ द्यायचं. गरम ब्रेकवर पाय दाबून उभे राहिलात तर पॅडचा छाप डिस्कवर उमटतो.

ब्रॅकेटचे बोल्ट कंपनीचेच वापरले, हार्डवेअरच्या दुकानातले नाही, आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळले. प्रत्येकावर पांढऱ्या पेंटची रेघ ओढली, अर्धी बोल्टवर, अर्धी ब्रॅकेटवर. शंभर किलोमीटरनंतर चाकं काढून पाहिलं, रेघा सरळ होत्या. पाचशेनंतरही सरळ, फक्त डावीकडची एक पिन कोरडी लागली, तिला ग्रीस लावलं.